हॉस्पिसची टीम: घरी येणाऱ्या पाच जणांपैकी नेमकं कोण कशासाठी?

निंबोणी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

माझे बाबा, वय ७१, एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. जबड्याचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाले, दीड वर्ष बरं गेलं आणि मार्चमध्ये डाव्या बाजूला पुन्हा गाठ. या वेळी डॉक्टरांनी सरळ सांगितलं की आता कापाकापी नको, केमोने हालच जास्त होतील, घरी न्या आणि पॅलिएटिव्हवाल्यांशी, म्हणजे आजार बरा होत नसला तरी त्रास कमी करणाऱ्यांशी, बोला. बोललो. तीन आठवड्यांपासून त्यांच्या हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या काळात सांभाळणाऱ्या संस्थेची, टीम घरी येते.

टीम म्हणजे: एक डॉक्टर (पंधरा दिवसांतून एकदा), एक सिस्टर (आठवड्यातून दोनदा), एक समाजसेविका, एक समुपदेशक मुलगी आणि परवा एक फिजिओथेरपिस्ट. बाबांना आता नीट बोलता येत नाही, पाटीवर लिहून दाखवतात. परवा लिहिलं, "एका तिकिटाला पाच चेकर?"

आम्ही हसलो, पण प्रश्न खराच आहे. आईला रोज कुणीतरी येणार म्हणून घर आवरायचा ताण येतो. नागपूरचा भाऊ म्हणतो की एक चांगली नर्स पुरे, बाकी सगळा देखावा. समुपदेशक म्हणजे गप्पा मारायला माणूस, त्यासाठी आपली आत्या आहे की.

तर अनुभवी लोकांनी सांगा. यातलं कोण काय करतं? कुणाला काय विचारायचं? आणि एकदोघांना "आता नको" म्हटलं तर चालेल का?

खडूस काका

दुखण्यावरचं मॉर्फिन लिहून देतो तो डॉक्टर, ते वेळेवर पोटात जातंय की नाही बघते ती सिस्टर. बाकीचे चहाला.

माजी सिस्टर

काका, तुमचा चहा गार झालाय, तो प्या आधी.

निंबोणी, मी अकरा वर्षं हॉस्पिसमध्ये काम केलं, गुडघ्यांनी दगा दिला म्हणून सोडलं. माझं काम सांगते, बाकीच्यांचं ते ते सांगतील.

सिस्टर येते, बीपी बघते, ड्रेसिंग करते, जाते, असं घरच्यांना वाटतं. खरं काम दारातून आत येताना सुरू होतं. घरात वास आहे का? सुनेने नाकाला पदर लावलाय का? पेशंटची खाट भिंतीकडे सरकवलीय का? जबड्याच्या जखमेला वास सुटतो आणि घरचे लाजून बोलत नाहीत. पेशंटला तो वास सगळ्यांत आधी कळतो आणि मग तो नातवंडांना जवळ येऊ देत नाही. यावर साधा उपाय आहे. मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड करून जखमेवर भुरभुरायची, दोनचार दिवसांत फरक पडतो. तुमच्या सिस्टरने सांगितलं नसेल तर तुम्ही विचारा. आणखी एक, कधी जखमेत अळ्या दिसल्या तर रडत बसू नका आणि घरचे उपायही करू नका. स्वच्छता ठेवली नाही म्हणून नव्हे, एक माशी बसली तरी होतात. फोन करा. टर्पेंटाइनचा बोळा लावून, त्या वर आल्या की चिमट्याने काढतात. मी शेकड्यांनी काढल्यात आणि त्यानंतर घरी जाऊन वरणभात जेवलेय.

दुखण्याचं म्हणाल तर "दुखतंय का हो?" या प्रश्नाला मराठी पुरुष "नाही" असंच उत्तर देतो. म्हणून कूस बदलताना भुवई कुठे जाते ते बघायचं. डॉक्टर पंधरा दिवसांनी येतात, मधल्या काळात त्यांचे डोळे म्हणजे सिस्टर. रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा हा प्रश्न त्यांना आजच विचारा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा. तुमच्या पूर्ण धाग्यातला हाच प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

गवती चहा

माजी सिस्टर, दंडवत. वाखुसा (वाचनखूण साठवली).

एक भीतभीत विचारते. मॉर्फिन सुरू केलं म्हणजे संपलं, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. सासऱ्यांना शेवटपर्यंत दिलंच नाही त्यामुळे. सवय लागते म्हणे.

दत्तू डोंबिवलीकर

+१, आमच्याकडेही हेच. मामा म्हणाले, "गर्दुल्ला करायचाय का म्हाताऱ्याला?"

डॉ. बिनपगारी

याच क्षेत्रातला आहे, नावावर जाऊ नका, पगार मिळतो, थोडा.

गवती चहा, योग्य मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवत नेलेलं मॉर्फिन मृत्यू ओढून आणत नाही. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेताना नशेचं व्यसन लागण्याचा धोका फारच कमी. शरीराला सवय होते, म्हणून ते एकदम थांबवत नाहीत, इतकंच. आमची काही माणसं मॉर्फिनवर महिनोन् महिने राहिली, शेतावर जाऊन आली. एक मात्र होणारच, बद्धकोष्ठ. म्हणून मॉर्फिनच्या चिठ्ठीवर जुलाबाचं औषध नसेल तर चिठ्ठी अर्धवट आहे असं समजा.

मिळायला अवघड का, तर १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने कागदपत्रांचं असं जंजाळ केलं की बऱ्याच हॉस्पिटलांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, परवान्यांची संख्या कमी झाली, तरी गल्लीतल्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही. मान्यता असलेल्या संस्थेतूनच घ्यावं लागतं.

आता मूळ प्रश्न. डॉक्टरचं काम तुम्हाला वाटतं तसं औषधं लिहिणं, पण माझा निम्मा वेळ ती बंद करण्यात जातो. कोलेस्टेरॉलची गोळी, कॅल्शियम, कुणीतरी तीन वर्षांपूर्वी लिहून दिलेलं टॉनिक. ज्याला पाणी गिळताना त्रास होतो त्याला रोज अकरा गोळ्या? दुसरं काम, पुढे काय होणार ते आधी सांगून ठेवणं. श्वास घरघरायला लागला की घरचे घाबरून रुग्णवाहिका बोलावतात आणि माणूस आयसीयूत जातो. ती घरघर म्हणजे घशातली लाळ, त्याला स्वतःला तिचा बहुतेक त्रास होत नसतो, कुशीवर वळवलं आणि एक इंजेक्शन दिलं की बऱ्याचदा कमी होते, हे आधी ठाऊक असेल तर माणूस आपल्या खाटेवर राहतो.

आणि काका, "बाकीचे चहाला" याबद्दल. आधुनिक हॉस्पिसची सुरुवात जिच्या नावे आहे ती सिसिली साँडर्स आधी नर्स होती. पाठीच्या दुखण्याने ते सोडावं लागलं, मग ती हॉस्पिटलात समाजसेविका झाली, मग तिशी उलटल्यावर वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर. १९६७ला लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स सुरू केलं तेव्हा टीममधल्या तीन खुर्च्यांवर ती आधीच बसून आली होती. तिचं म्हणणं असं की दुखणं फक्त हाडात नसतं, कर्जात असतं, अबोला धरलेल्या भावात असतं, देवावरच्या रागातही असतं. मॉर्फिन वाढवत नेलं तरी दुखणं हटत नाही तेव्हा मी समाजसेविकेला विचारतो, घरात काय चाललंय? दहापैकी चारदा तिला माहीत असतं. (हा आकडा माझ्या मनाचा आहे, कुठे छापू नका.)

खडूस काका

बरं बाबा, चहा मागे घेतो. पण समुपदेशकावर मी ठाम आहे. मरणाऱ्या माणसाला "तुम्हाला कसं वाटतंय?" विचारायला पदवी लागते?

रानजाई

काका, मी सांगते.

चार वर्षांपूर्वी माझा नवरा गेला. मुलगा नऊ वर्षांचा. घरातल्या सगळ्यांनी ठरवलं होतं की त्याला काही कळू द्यायचं नाही. आजी सांगायची, बाबाला ताप आहे. समुपदेशक बाई नवऱ्यासाठी यायच्या, तो त्यांच्याशी फारसं बोललाच नाही. एक दिवस जाताना त्या मुलाजवळ जमिनीवर बसल्या, तो गाड्या लावत होता, त्यापण लावायला लागल्या. वीसेक मिनिटांनी त्याने विचारलं, "मी बाबाचं उष्टं आइस्क्रीम खाल्लंय, मला पण होणार का?"

तीन महिने तो हे पोटात घेऊन फिरत होता आणि रोज रात्री जेवायला नाही म्हणत होता. आम्हाला वाटत होतं, उन्हाळा आहे.

पदवी लागते का, मला माहीत नाही. आमच्या घरातल्या सात मोठ्या माणसांना ते जमलं नव्हतं.

खडूस काका

_/\_

दत्तू डोंबिवलीकर

रानजाई, काय लिहू?

माझा अनुभव समाजसेविकेचा. आई मुंबईत होती, जेजुरीजवळच्या आमच्या गावाहून आणलेली. तोवर आम्ही हॉस्पिटलची बिलं भरण्यात दागिने विकले होते. समाजसेविका पहिल्या भेटीत म्हणाली, पिवळं रेशनकार्ड आहे ना, मग महात्मा फुले योजनेत का नाही बसवलं? कुणी सांगितलंच नव्हतं. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत तिकिटाची सवलत असते हेही तिनेच सांगितलं, तोवर आम्ही जनरलमधून उभ्याने यायचो.

नंतर तिने विचारलं, आईच्या खात्याला वारस कोण लावलाय? मला राग आला होता तेव्हा. आई जिवंत असताना हे काय विचारते ही? घरी येऊन पासबुक बघितलं तर वारस म्हणून माझ्या वडिलांचं नाव, जे २००९लाच गेले. आईने स्वतः अंगठा देऊन बदलून घेतलं. नंतर धाकट्या भावाशी जे भांडण होणार होतं ते त्यामुळे टळलं. (दुसरं झालं, ते वेगळं, त्याचा धागा वेगळा.)

निंबोणी, बाबांची पेन्शन ईपीएफची असेल. हयातीच्या दाखल्याची मुदत बघून ठेवा. आता मोबाईलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो, बँकेत उचलून न्यायची गरज नाही. पण जबड्यावर पट्टी असेल तर चेहरा ओळखत नाही, तेव्हा ड्रेसिंग बदलायच्या वेळेला सिस्टरसमोरच उरकून घ्या.

माजी सिस्टर

दत्तू, हे मलाही सुचलं नसतं.

बे एरियातला बाब्या

इकडचं थोडं सांगतो. अमेरिकेत १९८२च्या कायद्याने मेडिकेअरमधून (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) हॉस्पिसला पैसे मिळायला लागले आणि टीममध्ये कोण असलंच पाहिजे तेही कायद्यातच आलं: डॉक्टर, नर्स, समाजसेवक आणि चॅपलेन किंवा दुसरा कुणी समुपदेशक. एवढंच नव्हे, पेशंटच्या सेवेच्या तासांपैकी किमान ५ टक्के तास स्वयंसेवकांनी दिले पाहिजेत असाही नियम आहे. माणूस गेल्यावर वर्षभर घरच्यांची चौकशी करायची तेही टीमच्याच कामात. मात्र सहा महिन्यांपेक्षा जास्त आयुष्य दिसत नाही असं दोन डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं.

माझी मावशी चाळीस वर्षं इकडे, दोन वर्षांपूर्वी गेली. चॅपलेन म्हणजे इकडचा पाद्रीसारखा माणूस, पण कुठल्याही धर्माच्या माणसाकडे जातो. मला वाटलं, मावशी त्याला हाकलेल, ती पक्की नास्तिक. तो आला, म्हणाला, प्रार्थना करू का? मावशी म्हणाली, नको, तू नुसता बस, या घरात बडबडे फार आहेत. तो दर गुरुवारी येऊन पाऊण तास नुसता बसायचा. मावशी गुरुवारी केस विंचरून घ्यायची.

पण गैरसमज नको, इकडेही चोवीस तास कुणी येत नाही. नर्स आठवड्यातून दोनदा, अंघोळ घालायला एक बाई तीनदा. बाकी कूस बदलणं, औषध देणं, रात्र काढणं हे मी, माझी बायको आणि मावसभाऊ. ज्यांना वाटतं की अमेरिकेत सगळं टीम करते, त्यांनी आमच्या घरातले तेव्हाचे चेहरे बघायला हवे होते.

सोलापुरी चादर

तुमच्याकडं पाच पाच माणसं येत्यात म्हणून तक्रार आणि आमच्याकडं एक मिळंना. रागावू नका निंबोणीताई, तुमच्यावर नाही, पण वाचून राग आला खरा.

आमचे वडील गेल्या वर्षी गेले, बार्शीच्या पलीकडं गाव. मोठ्या दवाखान्यात सांगितलं, आता घरी न्या. घरी न्या म्हणजे काय करा, ते कुणीच सांगितलं नाही. मॉर्फिन आणायला एका खेपेला नव्वद किलोमीटर, तेही पेशंटला घेऊन या म्हणाले पहिल्या वेळी. आमची टीम सांगू का? आशाताई, तिला आम्ही दोष देत नाही, तिच्याकडं पूर्ण गावाची बाळंतपणं. मेडिकलवाला, जो उधारीवर डायपर द्यायचा. माझी बायको, जिनं सगळं केलं. आणि गावचा न्हावी. तो दर सोमवारी येऊन वडिलांची दाढी करायचा. घरातल्या कुणाला जवळ घेत नसत वडील, वासामुळं. न्हाव्याला घ्यायचे. तो गावातल्या सगळ्या भानगडी सांगायचा, पाऊण तास गाल धरून. पैसे घेतले नाहीत त्यानं. शेवटची दाढीपण त्यानंच केली.

डॉ. बिनपगारी

चादरराव, तुमचा राग रास्त आहे. केरळात हे प्रकरण वेगळं उभं राहिलं. १९९३ला कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी सुरुवात केली, पण पुढे ते पसरलं ते गावोगावच्या साध्या माणसांमुळे. प्रशिक्षण घेऊन शेजारीपाजारीच पेशंटकडे जायला लागले, २००८ला राज्य सरकारने धोरण केलं, पंचायतीने नर्स ठेवायला सुरुवात केली. तुमच्या न्हाव्याला तिथे ओळखपत्र मिळालं असतं आणि सिस्टरने त्याला विचारलं असतं, दाढी करताना जखम वाढलेली दिसते का?

आपल्याकडे पहिलं हॉस्पिस मुंबईतच, वांद्र्याला माउंट मेरीपाशी शांती अवेदना, १९८६. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७चं, तिथे पेशंटबरोबर घरचं माणूस राहतं आणि पैसे घेत नाहीत. पण ही शहरातली बेटं आहेत. बार्शीच्या पलीकडे काय, याला माझ्याकडे आज उत्तर नाही.

पणजीचो पाव

शांती अवेदना आमच्या गोव्यातही आहे, लोटलीला. माझी काकी तिथे होती. नन्स सांभाळतात.

अवांतर होईल पण सांगतो. काकीला घरी सगळे शहाळ्याचं पाणी आणि साबुदाण्याची खीर भरवत होते, ती तोंड फिरवायची आणि मग रडारड. तिथल्या सिस्टरने विचारलं, तुला काय हवं? काकी म्हणाली, बांगड्याचं हुमण. काका म्हणाले, अहो तिखट! सिस्टर म्हणाली, जिभेवर ठेवायला दोन थेंब चालतील. काका दुसऱ्या दिवशी डब्यातून घेऊन गेले. काकीने बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली, "त्रिफळां कमी पडल्यांत." काका हे वर्षश्राद्धालाही सांगत होते.

गवती चहा

पाव, हसू की रडू?

पण हा खाण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आमच्याकडे बघायला येणारा प्रत्येक पाहुणा "काही खात नाहीत का?" विचारतो आणि सासूबाई अपराध्यासारखं बघतात.

माजी सिस्टर

शेवटच्या दिवसांत भूक जाते, शरीराला ते अन्न झेपत नाही. जबरदस्तीने भरवलं तर ठसका लागतो. ओठ ओले ठेवा, तोंड पुसा, तेवढं पुरे. पाहुण्यांना हे सांगायचं काम सासूबाईंवर टाकू नका, सिस्टरचं नाव पुढे करा, "सिस्टरने मनाई केलीय" म्हणा. वाईटपणा घ्यायला आम्ही असतोच. टीमचा हा उपयोग कुठल्याच माहितीपत्रकात नसतो.

खडूस काका

हे आवडलं. सोसायटीच्या सेक्रेटरीलाही अशी सिस्टर मिळावी.

वकीणबाई

दोन कोरड्या गोष्टी, पण वेळेला यांच्यावरूनच धावाधाव होते.

एक. घरी मृत्यू झाला तर स्मशानभूमीत डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतात. घरच्या मृत्यूसाठी तो नमुना ४-अ, शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने द्यायचा. पंधरा दिवसांनी येणारे तुमचे डॉक्टर रात्री तीनला देतील का? की फॅमिली डॉक्टर? आजच विचारा. दुखणं माहीत असलेला, अपेक्षित मृत्यू असेल तर पोलिसांचा संबंध नाही, कुणी घाबरवलं तरी घाबरू नका. नोंदणीला २१ दिवस असतात, ती गडबड नको.

दोन. बाबांना आयसीयू, व्हेंटिलेटर नको असेल तर ते शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ला मान्यता दिली, पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर सही हवी होती. जानेवारी २०२३ला ते सोपं झालं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. बाबा पाटीवर लिहितात म्हणजे लिहू शकतात. पण हा विषय तुम्ही काढू नका, डॉक्टर किंवा समुपदेशकाला काढू द्या. मुलीने विचारलं की बापाला वेगळंच ऐकू येतं.

चाफेकळी

धाग्याचं काश्मीर न होता, म्हणजे भांडणं न होता, तिसऱ्या पानावर आलोय, अभिनंदन सगळ्यांचं.

अश्विनी२२

उशिरा आले. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाचवा चेकर मीच.

जो माणूस बरा होणार नाही त्याला व्यायाम कशाला, असं मला प्रत्येक घरी विचारतात. मी व्यायाम घेत नाही. एका आजोबांना मी विचारलं, काय जमलं तर बरं वाटेल? म्हणाले, संडासला स्वतःच्या पायांनी जायचंय. आम्ही खाटेची उंची विटा लावून वाढवली, खाटेपासून संडासापर्यंत तीन खुर्च्या ठेवल्या, दाराला दोर बांधला. ते आणखी उणेपुरे बावीस दिवस स्वतः गेले.

शिवाय दम लागतो तेव्हा कसं बसवायचं, मानेच्या ऑपरेशननंतर आखडलेला खांदा कसा हलवायचा, सूज आलेला हात कसा ठेवायचा. आणि सगळ्यांत जास्त, घरच्यांची कंबर वाचवणं. पेशंटला काखेत हात घालून ओढू नका, खांदा निखळतो आणि तुमची पाठही जाते. खाली आडवी चादर घाला, ती दोन बाजूंनी धरून सरकवा.

निंबोणी

सगळ्यांचे खूप खूप आभार. पाच आठवड्यांनी येतेय.

बाबा आहेत. खूप अशक्त झालेत, आता नळीनेच सगळं. पण वेदना आटोक्यात आहेत. मेट्रोनिडाझोलची पूड तिसऱ्या दिवशी लागू पडली, माजी सिस्टर. फ्रिजवर नंबर आहे, दोनदा रात्री फोन केला, दोन्हीदा उचलला. चादरराव, तुमची पोस्ट मी बाबांना वाचून दाखवली. त्यांनी पाटीवर लिहिलं, "न्हाव्याला पास द्या." म्हणजे एस.टी.चा.

फिजिओ आता येत नाहीत, त्यांनीच सांगितलं की पुढचं तुम्हाला येतंय. समुपदेशक मुलीला मी नको म्हणणार होते. बाबा तिच्याशी लिहून काय बोलतात ते मला माहीत नाही, पाटी पुसून टाकतात. आई आता तिच्यासाठी घर आवरत नाही, बाकीच्यांसाठी आवरते.

औषधांची वही बाबा स्वतः ठेवतात. सिस्टरने तक्ता दिला होता, त्यांना तो पटला नाही. डेपोच्या रजिस्टरसारखे रकाने आखलेत: नियोजित वेळ, प्रत्यक्ष वेळ, शेरा. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६. रात्री १० वाजता मॉर्फिन दुप्पट असतं म्हणजे मध्यरात्री उठवायला नको, त्या ओळीपुढे लिहितात "जादा". मला परवा सहाच्या वेळेला उशीर झाला तर शेऱ्यात "चालक गैरहजर." डॉक्टर आले की आधी वही मागतात.

अक्षर आता हलतं. कालच्या दोन ओळी आईने लिहिल्यात, बाबांनी बाजूला सही केलीय.

रानजाई

निंबोणी, वही जपून ठेव.

नागपूरवाला भाऊ

नवीन सदस्य आहे. देखावा म्हणणारा तो मीच. शनिवारपासून पुण्यात आहे, रात्रपाळी माझी.

अश्विनीताई, एक विचारायचं होतं. चादरीने सरकवणं जमतं, पण कुशीवर वळवताना बाबा कण्हतात. जखम डाव्या गालावर आहे. मी त्यांच्या पाठीमागे उभा राहून ढकलतो. चुकतंय का काही?

अश्विनी२२

हो, ढकलू नका, स्वतःकडे ओढून घ्या. ज्या कुशीवर घ्यायचंय त्या बाजूला तुम्ही उभे राहा. आधी चादरीने त्यांना पलीकडच्या कडेला थोडं सरकवा, नाहीतर वळल्यावर ते खाटेच्या काठावर येतील. मग पलीकडचा गुडघा वाकवा, पलीकडचा हात छातीवर आणा, एक हात त्यांच्या खांद्यामागे, एक कमरेमागे, आणि सावकाश तुमच्याकडे. पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी. उजव्या कुशीवरच ठेवा म्हणजे जखमेवर भार येत नाही, तोंड किंचित खाली झुकतं ठेवा म्हणजे लाळ बाहेर येईल, खाली जुना टॉवेल.

आणि वळवायच्या अर्धा तास आधी दहाची जादा सुटलेली असेल असं बघा.